सिंहगड राहून गेला

पुण्याहून येऊन महिना होत आला, तरी आर्वीच्या बाजारात कोणी ना कोणी मला थांबवतं आणि विचारतं, "काय व, पुण्याले नेलं आन सिंहगडच नाही दाखवला म्हणे तू?" मी हो म्हणते आणि पुढे जाते. भाजी घेताना उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नाही. म्हणून इथे लिहिते आहे, पुणं कसं दिसलं तेही आणि गड का राहिला तेही. ज्या दोन माणसांबद्दल हे मुख्यतः आहे त्यांना आधी विचारलं. दोघांनीही लिही म्हटलं. नावं तेवढी बदलली आहेत.

माझे बाबा वर्षातून दोनदा आर्वीतल्या वयस्कर मंडळींची सहल काढतात. यंदा पुणे ठरलं होतं. रेल्वेची तिकिटं निघाली, राहायला कर्वेनगरातलं एक छोटं मंगल कार्यालय मिळालं, पुण्यात फिरायला मिनीबस ठरली, आणि निघायच्या आठवड्यात बाबा गच्चीच्या जिन्यावरून पडले. पायाचं हाड मोडलं. सहल रद्द होणार असं मी धरूनच चालले होते. बाबांनी प्लास्टरमधला पाय उशीवर नीट ठेवला आणि म्हणाले, "तू ने."

मी एकोणीस वर्षांची, बीएच्या दुसऱ्या वर्षाला. सहलीतली मंडळी साठीच्या खाली एकही नाही.

"माझं कोण ऐकणार?" मी विचारलं.

"ते तिथे गेल्यावर कळेल," बाबा म्हणाले. "रोज फोन करू नकोस. अडलं तर कर."

कर्वेनगर

पुणे स्टेशनवर उतरलो तेव्हा चांगलीच थंडी होती. मिनीबस वेळेवर हजर होती. ड्रायव्हर दत्ता हा तिशीतला, वेल्ह्याकडच्या एका गावचा. त्याने सगळ्यांच्या पिशव्या स्वतः उचलून टपावर टाकल्या आणि मला विचारलं, "ताई, मोठं कोन हाय तुमच्यात? म्हंजी कुनाला इचारायचं?"

मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, "मला विचारा."

या काळेबाई. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. मी सातवीत असताना निवृत्त झाल्या. त्यांच्यासमोर माझी मान आजही आपोआप खाली जाते. त्यांनी बसमध्येच सगळ्यांची हजेरी घेतली, कोणी कुठे बसायचं ते सांगितलं आणि मला म्हणाल्या, "तू लहान आहेस, घाबरू नकोस. मी आहे." खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

कार्यालयाच्या व्यवस्थापकांनी दारातच स्वागत केलं ते एका पाटीकडे बोट दाखवून. पाटीवर लिहिलं होतं, "गरम पाणी सहा ते आठ. आठ म्हणजे आठ." मी विचारलं, "काका, बाथरूम किती आहेत?"

"आहेत तेवढे," ते म्हणाले.

आमच्या मंडळींना हे चमत्कारिक वाटलं. आमच्याकडे नवख्या माणसाला आधी पाणी देतात, मग चहा, आणि मग त्याने विचारलेलं सोडून बाकी सगळं सांगतात. इथे विचारलं तेवढंच सांगतात. पण दोन दिवसांत माझ्या लक्षात आलं की त्या काकांनी सांगितलेली गोष्ट एकदाही चुकली नाही. जेवण एकला म्हणाले तर एकलाच पानं मांडलेली असायची.

नाश्त्याला पोहे आले. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, बाजूला लिंबाची फोड. सगळे तर्रीची वाट बघत बसले. पोह्यांवर झणझणीत तर्री ओतून घेतल्याशिवाय आमच्याकडे सकाळ होत नाही. बराच वेळ झाल्यावर भोयरकाकांनी वाढणाऱ्या बाईंना हळूच विचारलं, "बाई, याच्यावरचा रस्सा मागून येते का?" बाईंना प्रश्नच कळला नाही. दुपारच्या आमटीत गूळ निघाला तेव्हा मात्र बायकांच्या पिशव्यांतून लाल तिखटाच्या पुड्या बाहेर आल्या.

भोयरकाकांची ओळख इथेच करून द्यायला हवी. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. नोकरीतला बहुतेक काळ त्यांनी चौथीच्या वर्गाला शिकवलं. चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास असतो. दरवर्षी ते पोरांना तानाजी मालुसरे कडा कसा चढला ते सांगायचे, टेबलावर चढून, छडीची तलवार करून. आर्वीत त्यांच्या हाताखालून गेलेला कोणीही ते करून दाखवतो. काकांनी सिंहगड मात्र कधी पाहिला नव्हता. सहलीच्या कागदावर त्यांनी फक्त तेवढ्याच नावाखाली रेघ मारली होती.

पर्वती

दुपारी पर्वतीला गेलो. पायऱ्या रुंद आणि बसक्या आहेत, त्यामुळे म्हातारी माणसंही बसत बसत चढतात. वर वारा होता, आणि खाली सगळं पुणं पसरलेलं. नैर्ऋत्येला डोंगरांच्या रांगेत एका पहारेकऱ्याने बोट करून सिंहगड दाखवला, माथ्यावर टॉवर असलेला. भोयरकाका तिकडे बघत राहिले. बाकीच्यांनी फोटो काढले.

इथेच पहिला घोळ झाला. मी सगळ्यांना सांगितलं होतं की देवळासमोर जमायचं आणि बरोबर उतरायचं. काळेबाईंनी दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्यांना सांगितलं की आपापलं उतरा, खाली बसपाशी भेटू. अर्धी माणसं वर, अर्धी खाली. वरच्यांना वाटलं खालचे हरवले, खालच्यांना वाटलं वरच्यांचं कोणाचं तरी बरंवाईट झालं. फोन सगळे एकदमच लावायला लागले, त्यामुळे कोणाचाच लागेना. शेवटी मी पायऱ्या पळत खाली गेले, परत पळत वर आले आणि सगळ्यांना घेऊन पुन्हा उतरले. बसमध्ये भांडण झालं. एक काकू म्हणाल्या, "सांगणारे दोन असले की असंच होते."

त्या संध्याकाळी मी काळेबाईंच्या खोलीत गेले. दार वाजवताना शाळेतल्या त्यांच्या ऑफिसबाहेर उभं राहिल्यासारखं वाटलं.

"बाई, एक विचारायचं होतं."

"बस. बोल."

"उद्यापासून कुठे जमायचं, कधी निघायचं ते मी एकटीच सांगेन. तुम्ही सगळ्यांच्या शेवटी राहाल का? प्रत्येक ठिकाणाहून तुम्ही निघालात की मागे कोणी नाही, असं मी समजेन. ते काम मला दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे मी गप्प बसायचं."

"हो," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "शेवटी राहीन. पण चुकलीस तर बोलेन." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खरोखरच बसमध्ये सगळ्यांच्या मागे चढल्या.

तुळशीबाग, कॅम्प, येरवडा

शनिवारवाडा झाला. तुळशीबागेत बायका अशा पांगल्या की पुन्हा जमवायला मला देवळाच्या दारात उभं राहून हाका माराव्या लागल्या. काळेबाई सगळ्यांत शेवटी, हातात स्टीलची पळी घेऊन आल्या. तिथून कॅम्पात बिस्किटं घ्यायला गेलो, आणि बसमधून उतरताना भोयरकाकांचा चष्मा पडला. काडी तुटून वेगळी झाली. काच वाचली.

समोरच एक चष्म्याचं दुकान होतं. आत काउंटरमागे माझ्याच वयाची एक मुलगी बसलेली, डोक्यावर ओढणी, हातात बारीक स्क्रूड्रायव्हर. काकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "मोठं कोणी नाही का दुकानात?"

"आहे ना," ती म्हणाली. "मी. बसा आजोबा."

तिचं नाव शिरीन. दुकान तिच्या आजोबांनी टाकलेलं. वडील आजारी पडले तेव्हा ती बारावीत होती. चष्म्याचा कोर्स अजून चालू आहे, शेवटचं वर्ष. सकाळी कॉलेज, मग दुकान. बोलणं इतकं शुद्ध आणि तुटक की मला कार्यालयातल्या काकांची आठवण झाली. तिने जुन्या काचा घासून नव्या फ्रेममध्ये बसवायला घेतल्या. मी तिला म्हटलं, "तुला कंटाळा नाही येत? सारखं मोठं कोण आहे विचारतात त्याचा?"

"आधी यायचा. रडूसुद्धा यायचं."

"मग?"

"मग काही नाही. मी नंबर काढून देते. पटला नाही तर लोक दुसऱ्या दुकानात जातात. तिथेही तोच नंबर निघतो." तिने काकांच्या कानामागे काडी बसवून पाहिली. "लागतेय का आजोबा? नाही? खरं सांगा, उगाच नाही म्हणू नका."

काका लाजले. लागत होती.

येरवड्याला पोचेपर्यंत दुपार कलली होती. रस्त्याने जाताना तुरुंगाची उंच भिंत दिसली आणि बसमध्ये सगळे एकदम शांत झाले. गांधीजींना ठेवलं होतं तो राजवाडा पाहिला. कस्तुरबांच्या समाधीपाशी काळेबाई बराच वेळ उभ्या राहिल्या. मीही थांबले, त्या शेवटच्या होत्या आणि शेवटच्या माणसाला घाई करायची नाही असं मी ठरवलं होतं. बागेत मोर पाहून सगळ्यांना गंमत वाटली. आमच्याकडे मोर शेतात दिसतो, पण शेतातल्या मोराचे फोटो कोणी काढत नाही.

परत येताना ते झालं. मी ड्रायव्हरशेजारच्या आडव्या सीटवर होते, माझ्यामागे पहिल्या बाकावर भोयरकाका. सिग्नल हिरवा झाला तरी आमची बस हलेना. मागून हॉर्न वाजले. मी पाहिलं तर दत्ताची हनुवटी छातीला टेकलेली. तो दचकून जागा झाला आणि गाडी काढली. नदीवरच्या पुलावर बस हळूहळू डावीकडे सरकायला लागली. शेजारच्या रिक्षावाल्याने जोरात शिवी हासडली तेव्हा दत्ताने स्टिअरिंग झटक्याने वळवलं. मागे कोणाची तरी बिस्किटं सांडली आणि सगळे हसले. त्यांना वाटलं खड्डा होता.

पार्किंग

मंडळी उतरून आत गेल्यावर मी दत्तापाशी गेले.

"दत्तादादा, तुमचा डोळा लागला होता."

"न्हाय ताई, जरासं ऊन डोळ्यावर आलं."

"दोनदा लागला."

तो गाडीचं दार पुसत राहिला. मग म्हणाला, "मंडळी दवाखान्यात हाय माझी. पयलंच बाळंतपण. डॉक्टर म्हनत्यात बीपी लई वाढलंय. रात्री कुनीतरी बसायला लागतं. घरात दुसरं कुनी न्हाय. बहीन येनार हाय साताऱ्याहून, उद्या सांजच्याला."

"मग सुट्टी घ्यायची ना."

"मालकाला सांगितलं तर मालक दुसरा मानूस बसवील. या सीटवर दुसरा बसला की माझी गाडी गेली, ताई. आन आता दवाखान्याच्या टायमाला गाडी जाऊन चालनार न्हाय मला." त्याने माझ्याकडे पाहिलं. "कुनाला बोलू नका. आज झोपतो मी. आईची आन."

मी बरं म्हटलं. त्याने झोपायचं ठरवलं होतं यात मला शंका नव्हती, आणि मला तेवढं पुरलं.

तिसरा दिवस

सिंहगडासाठी लवकर निघायचं होतं. आमची मंडळी त्याहून लवकर तयार. कानटोप्या, स्वेटर, हातात काठ्या. भोयरकाका सगळ्यांत आधी बसमध्ये जाऊन बसलेले. दत्ता वेळेवर आला होता, तोंड धुतलेलं, केसांना पाणी लावून भांग पाडलेला. पण मी खिडकीतून पाहिलं तेव्हा तो स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला होता.

मी त्याला बाजूला बोलावलं. "झोपलात?"

"तास-दीड तास. पहाटं तिला आत नेलंय, ऑपरेशनला. कुनाला आत सोडत न्हायत, झालं की फोन करतो म्हनलेत." डोळे लाल होते. "पन जमतंय ताई. हजारदा चढलोय तो घाट."

मला अजूनही ती दोन-चार मिनिटं नीट आठवतात. गड एवढ्याजवळ होता. गाडी चांगली, हवा स्वच्छ, बाहेर वीस माणसं चपला वाजवत उभी. हजारदा चढलेला माणूस आणखी एकदा चढला असता, ही शक्यता खूप मोठी होती. मालकाला फोन केला तर तासाभरात दुसरा ड्रायव्हर मिळाला असता आणि दत्ताची गाडी गेली असती. गाडी बिघडली असं खोटं सांगितलं तर काळेबाईंनी स्वतःच मालकाला फोन लावून दुसरी गाडी मागवली असती. मी घरी फोन लावला. आईने उचलला. बाबा प्लास्टर दाखवायला पहाटेच वर्ध्याला निघाले होते, वाटेत त्यांचा फोन लागत नव्हता. "काही अडलं का?" आईने विचारलं. मी नाही म्हटलं.

मग दत्ताला म्हटलं, "गाडी मागच्या पार्किंगला लावा आणि झोपा. मी सांगेपर्यंत उठायचं नाही."

"आन मंडळींना?"

"ते मी बघते."

मी बसच्या दारात उभी राहिले आणि सांगितलं की आज सिंहगड होणार नाही.

आधी कोणाला खरंच वाटेना. मग सगळे एकदम बोलायला लागले. रस्ता बंद आहे का? गाडीला काही झालं का? कोणाची तब्येत बिघडली? मी सगळ्याला नाही म्हणत गेले.

काळेबाई पुढे आल्या. "कारण काय?"

"घाटात आज गाडी न्यायची नाही असं मी ठरवलंय, बाई."

"ते ऐकलं. कारण विचारतेय."

"ते मला सांगता येणार नाही."

"उद्या न्यायचं का मग?"

"उद्या दुपारची रेल्वे आहे. गड करून वेळेत स्टेशनला पोचता येणार नाही."

"म्हणजे सिंहगड रद्द, आणि का ते तू सांगणार नाहीस." त्यांचा आवाज चढला नाही, आणि तेच जास्त लागलं. "तुझ्या बाबांनी असं कधी केलं नसतं."

दत्ता दहा पावलांवर उभा राहून ऐकत होता. एक वाक्य बोलले असते तर सगळे माझ्या बाजूने झाले असते. मी म्हटलं, "हो, बाबांनी वेगळं केलं असतं कदाचित. पण आज मी आहे."

एकेक जण बडबडत कार्यालयात गेला. भोयरकाका बसमधून उतरले नाहीत. मी आत जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले.

"काका, चला."

त्यांनी कानटोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पोरी, मी पुन्हा येनार आहो का इथं?"

थोड्या वेळाने ते उठले. मी हात पुढे केला. तो न धरता ते दांडीला धरून सावकाश उतरले.

उरलेला दिवस असाच वाया जाऊ देणं शक्य नव्हतं. मी मेट्रोने फिरायला नेते म्हणून सांगितलं. एक काका म्हणाले, "मेट्रो नागपूरले बी आहे." मी म्हटलं, "आहे. पण ती जमिनीखालून नाही जात." यावर थोडी चर्चा झाली आणि बहुतेक जण निघाले, काही उत्सुकतेने, काही माझ्यावरचा राग बरोबर घेऊन. भोयरकाका कार्यालयातच थांबले.

सिटी बसने नळस्टॉपला गेलो, तिथून मेट्रो. सिव्हिल कोर्टाचं स्टेशन इतकं खोल आहे की सरकत्या जिन्यावर उभं राहिल्यावर खालचं टोक दिसत नाही. दोन काकूंनी जिन्यावर पाय ठेवायला साफ नकार दिला. काळेबाई त्यांच्यासाठी मागे थांबल्या, दोघींचे हात धरले, आणि "एक, दोन, तीन" असं पहिलीच्या मुलांना म्हणावं तसं म्हणून त्यांना घेऊन उतरल्या. खाली पोचल्यावर त्या दोघींना इतका आनंद झाला की वर जाऊन पुन्हा उतरू म्हणाल्या. आम्ही पुन्हा उतरलो. मग मिसळ खाल्ली. सगळ्यांनी एकमताने ती अळणी ठरवली, आणि त्या एकमताने वातावरण जरा निवळलं. माझ्याशी मात्र काळेबाई दिवसभर कामापुरतंच बोलल्या.

परत आलो तेव्हा दत्ता बसच्या मागच्या बाकावर गाढ झोपला होता. तोंड उघडं, एक पाय खिडकीबाहेर. भोयरकाका व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते, पार्किंगकडे तोंड करून. मी विचारलं जेवलात का. त्यांनी मान हलवली.

त्या दिवशी सिंहगडाच्या घाटात काहीही झालं नाही. दरड पडली नाही, अपघात झाला नाही. मी मोबाइलवर बातम्या पाहिल्या. वाईट काही घडावं असं मला वाटत नव्हतंच, पण माझं बरोबर होतं असं सांगणारंही काही नव्हतं. गेलो असतो तर कदाचित जाऊन सुखरूप आलो असतो. ते मला कधीच कळणार नाही.

कात्रज

शेवटच्या सकाळी दत्ता आला तो पेढ्यांचा पुडा घेऊन. मुलगी झाली होती. बहीण येऊन पोचली होती, बायको बरी होती, बाळ वजनाला कमी म्हणून काचेच्या पेटीत होतं. रात्रभर तो झोपला होता. मी त्याला तीनदा विचारलं आणि डोळे जवळून पाहिले. मंडळींना त्याने फक्त मुलगी झाल्याचं सांगितलं. बसमध्ये आनंदीआनंद झाला. बायकांनी नावं सुचवली.

काळेबाईंनी पेढा घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बघा, घरी एवढी गडबड, तरी माणूस रोज वेळेवर हजर. कामाची निष्ठा म्हणतात ती ही. तरुण पोरांनी शिकण्यासारखं आहे."

आरशात दत्ताची आणि माझी नजर भेटली. त्याचं तोंड उघडलं. मी मान हलवून नको म्हटलं आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

कात्रजचं प्राणिसंग्रहालय मोठं आहे, झाडी दाट, चालायला भरपूर. वाघ झोपलेला होता. सर्पोद्यानात नागाच्या काचेपुढे आमच्या मंडळींनी तिथल्या माणसालाच नाग कसा पकडायचा ते समजावलं, त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आपण तसं करू नका." बाहेर गार ताक प्यायलो. ते सगळ्यांना आवडलं. पुण्यात चवीबद्दल तक्रार आली नाही असं ते एकमेव. तिथून सरळ स्टेशन.

आर्वी

तक्रार माझ्याआधी बाबांपर्यंत पोचली होती. घरात शिरले तेव्हा ते म्हणाले, "गड का गाळलास?" मी सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही.

"मी मालकाला फोन केला असता," ते म्हणाले. "दुसरा ड्रायव्हर घेतला असता आणि लोकांना गडावर नेलं असतं."

"आणि दत्ता?"

"त्याचं त्याने बघितलं असतं. लोक आपल्या भरवशावर आलेले असतात." पाय उशीवर सरकवत म्हणाले, "तुझं बरोबर की माझं, मला सांगता येत नाही. पण तू ठरवलंस आणि ऐकून घेतलंस. ते मला तुझ्या वयात जमलं नव्हतं." मग कुबड्या मागितल्या आणि चालण्याचा सराव करायला बाहेर गेले.

त्यानंतर आठवड्याभराने भोयरकाकांनी निरोप पाठवला, येऊन जा. मी घाबरतच गेले. काकूंनी चहा ठेवला. काका नव्या फ्रेमचा चष्मा काढून पुसत बसले होते.

"तो ड्रायव्हर झोपला होता ना पुलावर?" त्यांनी एकदम विचारलं.

मी चहाचा कप उचलला.

"नको सांगू. मी तुझ्यामागंच बसलो होतो. त्याची मान गेलेली मी पाह्यली. तुझ्याआधी पाह्यली."

"मग काका, तुम्ही बोलला का नाही?"

"बोललो असतो तं गड गेला असता." त्यांनी चष्मा लावला, परत काढला. "दुसऱ्या दिवशी सकाळी बी तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसला होता. मी त्याच्या मागच्याच बाकावर होतो. मले दिसत होतं. जन्मभर पोरांच्या सहली नेल्या मी, एकेक पोरगं मोजून आणलं. आन तिथं वीस माणसं असताना मी गप्प राह्यलो. वरून तुझ्यावर रुसून बसलो."

काकू दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या. मला काहीतरी धीराचं बोलायचं होतं. असू द्या काका, असं तोंडावर आलंही होतं. पण ते खरं नव्हतं, आणि काकांना ते नकोही असावं. मी चहा संपवला.

मग म्हटलं, "परीक्षा झाली की मी जाणार आहे पुण्याला. सहल नाही, अशीच. वर गडावर जाणार आहे. तुम्ही येता का?"

काकांनी चष्मा लावला. मग आत तोंड करून काकूंना म्हणाले, "माह्या बुटाचा तळ सुटला आहे, तो मोच्याकडं टाकजो उद्या." आणि मला म्हणाले, "पहाटंच निघू. ऊन तापायच्या आत वर पोचलो पाहिजे."